महामारीचा खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांवर काय परिणाम होतो?

मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावचा आहे, म्हणून कोरोनात तिथं जे पाहिलं तेच सांगतो. रोगाची भीती होतीच, पण आमच्याकडच्या आज्यांना जास्त नडलं ते घर एकटीच्या अंगावर पडणं.

दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. शाळेतली पोरं आजीजवळ राहतात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की माणसं परततात. पण २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन लागला आणि हजारो जोडपी कारखान्यांवरच अडकली. एप्रिलच्या मध्यात सरकारनं परतीची परवानगी दिली. तोवर पोरांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं आजीकडे.

हातात पैसा कुठला? म्हाताऱ्या माणसांसाठीच्या श्रावणबाळ पेन्शन योजनेचे तेव्हा महिन्याला हजार रुपये मिळायचे, तेही खात्यात. एसटी बंद, आठवडी बाजार बंद, बँक तालुक्याला. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात गेलं तर यंत्र अंगठा घेईना. जन्मभर खुरपं धरून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. आमच्या शेजारच्या आजी पदराला अंगठा पुसायच्या, पुन्हा ठेवायच्या, पुन्हा पुसायच्या. मागं रांग खोळंबलेली. शेवटी ‘उद्या या’. काही गावांत पोस्टमननं घरपोच पैसे दिले, ते काम खरंच मोठं होतं. पण तिथंही अंगठाच लागायचा.

बीपीच्या गोळ्या पुरवायला दिवसाआड घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आशाताईंनी आरोग्य केंद्रातून जमेल तशा गोळ्या आणून दिल्या नसत्या, तर कितीजणींचं कठीण होतं.

मग मुलगे-सुना परतले. त्यांना विलगीकरणासाठी शाळेत, नाहीतर शेतातल्या खोपीवर ठेवलं. पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असा सरकारी आदेश, आणि डबा घेऊन खोपीवर जाणारी बाई नेमकी सत्तरीची. दुसरं होतंच कोण घरात?

मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा मोबाइल आणि ओटीपी आडवे आले. गावच्या शाळेतच शिबिर लागलं, आशाताई घरोघर जाऊन बोलावू लागल्या, तेव्हा कुठं बायका निघाल्या.

तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर आधी अंगठ्याचं बघा. यंत्रानं नाकारलं तरी ओळख पटवून त्याच दिवशी पैसे हातात पडतील, अशी सोय साथ यायच्या आधी गावात हवी. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या निदान दोन महिन्यांच्या एकदम द्यायला हव्यात.