दहावीच्या रासायनिक अभिक्रिया समजतच नाहीत. समीकरणं पाठ करू का?

प्रश्नात तू लिहिलंयस की दहावीला आहेस, घर तासगावकडे, घरची द्राक्षबाग आहे, धडा पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नाही आणि वर्गातल्या बाकीच्यांनी समीकरणं घोकायला घेतलीत. दहावीतला आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

पाठ करू नकोस. पाठ केलेल्या समीकरणात एक आकडा इकडचा तिकडे झाला की सगळं गेलं, आणि कुठं चुकलं तेही कळत नाही.

मी सांगलीत विज्ञानाच्या शिकवण्या घेतो. हा धडा मी मॅग्नेशियमची फीत जाळण्यापासून सुरू करत नाही, चुन्यापासून करतो. चुना आपल्याकडे पानपट्टीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे आहे, आणि एकट्या चुन्यात अर्धा धडा बसतो.

आधी एकच गोष्ट पक्की धर. अभिक्रियेत अणू नवे तयार होत नाहीत, नाहीसे होत नाहीत आणि एका मूलद्रव्याचे दुसऱ्या मूलद्रव्याचे होत नाहीत. कोण कुणाला जोडलंय, तेवढंच बदलतं. वर्गात पोरांनी बाकं बदलली तरी हजेरीपटावरची नावं तीच राहतात, तसं. समीकरण म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना घेतलेली हजेरी.

आता चुनखडी घे. एक कॅल्शियम, एक कार्बन, तीन ऑक्सिजन. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिचा कळीचा चुना होतो (एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन) आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो (एक कार्बन, दोन ऑक्सिजन). पाचही अणू हिशेबात आले. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम घेतलीस तर ५६ ग्रॅम चुना हाती येतो आणि ४४ ग्रॅम वायू धुराड्यातून जातो. धुराड्यातलं ज्यानं मोजलं नाही त्याला वाटणार, ४४ ग्रॅम माल नाहीसा झाला. अठराव्या शतकात लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं बंद भांड्यांत अभिक्रिया करून वजनं घेतली ती याचसाठी.

पुढची पायरी: ५६ ग्रॅम कळीचा चुना १८ ग्रॅम पाण्याशी जोडला गेला की ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. चुना विरताना पाणी उकळायला लागतं, ती उष्णता अभिक्रियेतूनच आलेली असते. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेतो आणि परत चुनखडी होऊन कडक बसतो, पाणी उडून जातं. ७४ आणि ४४, डावीकडे ११८. उजवीकडे १०० आणि १८, तेही ११८. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती अशाच घट्ट झाल्यात. एका वस्तूचे दोन तुकडे झाले ते अपघटन, दोघांचं मिळून एक झालं तो संयोग, उष्णता बाहेर पडली म्हणून उष्मादायी, भट्टीला सतत द्यावी लागली म्हणून उष्माग्राही. नावं आता लक्षात ठेवावी लागणार नाहीत.

एक ताकीद. कळीचा चुना घरी विरवून बघायचा नाही. उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. करायचंच असेल तर पानपट्टीवरचा चुना चिमूटभर पाण्यात कालव, रात्रभर ठेव, वरची निवळी दुसऱ्या पेल्यात ओत आणि नळीनं हलकी फुंकर घाल. ओढायचं नाही, फुंकायचं. निवळी दुधाळ होते, कारण चुनखडीचे बारीक कण तयार होतात. फुंकतच राहिलास तर ती परत नितळ होऊ लागते! चुनखडीवर आणखी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट बनतं.

समतोल साधताना बहुतेक पोरं एकच चूक करतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होताना डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एक दिसला की पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली दोन लिहून मोकळे होतात. हजेरी जुळते, पण ते पाणी राहत नाही. ते झालं हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला वापरतात ते. सूत्रातल्या खालच्या आकड्याला हात लावायचा नाही. सूत्राच्या आधी, डावीकडे लिहितात तो आकडा बदलायचा: हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. हायड्रोजन चार-चार, ऑक्सिजन दोन-दोन.

आता तुझ्या बागेत ये. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डो मारतात ते मिश्रण १८८०च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागात पुढे आलं. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला साधारण एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं कालवून मग एकत्र करतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यातलं तांबं चुन्याच्या हायड्रॉक्साइडकडे जातं, चुन्यातलं कॅल्शियम जातं सल्फेटकडे, आणि निळसर साका तयार होतो. जोड्यांची अदलाबदल झाली, म्हणून दुहेरी विस्थापन. खाली बसणारा साका म्हणजे अवक्षेप. (प्रत्यक्षात तांब्याचे जरा गुंतागुंतीचे क्षार होतात, दहावीला एवढं पुरे.)

फवारण्याआधी वडील त्यात घासलेला विळा किंवा चाकू बुडवून बघतात का, विचार. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतात. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून मोकळ्या मोरचुदातलं तांबं बाहेर ढकलून स्वतः त्याच्या जागी जातं. हे विस्थापन. असं मोकळं तांबं पानं करपवतं, म्हणून ही खबरदारी. बोर्डो लोखंडी भांड्यात का करत नाहीत, तेही यातच आलं.

एक गैरसमज मात्र काढून टाक. रंग बदलला, बुडबुडे आले म्हणजे रासायनिक बदल आणि तो उलटत नाही, असं सरसकट नसतं. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतो तेव्हाचे बुडबुडे वाफेचे, तो भौतिक बदल. त्याच काहिलीत चुन्याची निवळी घातली की रसातली आम्लता कमी होते, तो रासायनिक, आणि डोळ्याला फारसं काही दिसतही नाही. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. रासायनिक बदल आहे आणि उलटतोही. खूण दिसली की संशय घ्यायचा, निकाल मात्र नवा पदार्थ तयार झाला का यावर द्यायचा.

ऑक्सिडीकरण-क्षपण आत्ता बाजूला ठेव. आधी कागदावर चुन्याची तिन्ही समीकरणं पुस्तक न बघता लिही, प्रत्येकाखाली अणूंची हजेरी मांड, मग बोर्डो आणि विळ्याचं समीकरण. अडलं तर कुठल्या अणूपाशी अडलं ते खाली प्रतिक्रियेत लिही, नुसतं 'जमत नाही' लिहू नकोस.