नोकरी, मैदान आणि घर: कोचिंग सोडायचं का?

नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर मुलं तयार करणारे बरेच जण माझ्याकडे सल्ल्यासाठी एकच प्रश्न घेऊन येतात. घरी रोज वाद होतात, मग कोचिंग सोडू का? कुणी कबड्डीचा, कुणी कुस्तीचा, कुणी अॅथलेटिक्सचा. त्यातल्या एका खो-खो प्रशिक्षकाची ही हकीकत. पती-पत्नी दोघांच्याही परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीतले, तालुक्याच्या गावी राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आठवीतली मुलगी, आणि गुडघ्यांमुळे काठीशिवाय चालू न शकणारी आई. पहाटे संघातल्या मुलींचा व्यायाम, दिवसभर बँक, तिथून परस्पर मैदान, नऊनंतर पालकांचे फोन. मानधन काही नाही. उलट कुणाचे बूट, कुणाचं एसटीचं भाडं यांच्याच खिशातून जायचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष, महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यानंतर यांच्या मैदानावर मुलींची संख्या एकदम वाढली. "आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आत्ता घडतंय, आणि आत्ताच सोडू?" हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता.

पहिल्यांदा ते एकटेच आले. वहीत तासांचा हिशोब मांडून आणला होता, मैदानाला किती आणि घराला किती. तो मी वाचला आणि पुढच्या वेळी दोघांनी मिळून या म्हणाले.

बाई शांतपणे बोलल्या. "यांच्या कोचिंगचा मला राग नाही. लग्न ठरलं तेव्हाही हे मैदानावरूनच मला बघायला आले होते. पण यांनी बढती नाकारली, हे मला हळदीकुंकवाला यांच्या साहेबांच्या मिसेसकडून कळलं."

क्लार्कचा ऑफिसर झाला की बहुतेक वेळा बदली आलीच. बदली म्हणजे मैदान सुटणार, म्हणून त्यांनी नकार कळवून टाकला होता. पगारातला फरक, मुलीचं पुढचं शिक्षण, आईचं आजारपण या सगळ्याशी जोडलेला निर्णय त्यांनी एकट्याने घेतला आणि घरी सांगितलाही नाही. शिवाय बाईंना केंद्रप्रमुखपदाच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या पदाच्या, परीक्षेचा अभ्यास करायचा होता. पुस्तकं आणून ठेवली होती, पण संध्याकाळी स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलीचा अभ्यास झाल्यावर पुस्तक उघडेपर्यंत डोळे मिटायचे. त्यांनी हे नवऱ्याला कधी म्हटलं नव्हतं. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "गावात लोक यांच्या पाया पडतात. मी काय बोलणार?"

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. माणूस दारू पिऊन उशिरा आला तर बायको भांडू शकते. तो गोरगरिबांच्या मुली घडवून उशिरा आला, तर भांडणारी बायकोच वाईट ठरते. विनामूल्य केलेल्या चांगल्या कामाविरुद्ध बोलायची सोय घरात कुणालाच नसते. भजनी मंडळ, गावचं वाचनालय, गणेश मंडळ चालवणाऱ्यांच्या घरीही मी हेच पाहते. त्या कामाचा खर्च घरातलं कुणीतरी मुकाट्याने भरत राहतं, आणि मग चहात साखर जास्त पडली म्हणून भांडण पेटतं.

म्हणून कोचिंग सोडायचं की नाही हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. आधी दोघांना भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन बसवलं. खेळाचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतात, तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. शिवाय किशोरी आणि मुली या दोन वयोगटांच्या निवड चाचण्या, आणि उन्हाळी शिबिर. बँकेचा मार्चअखेर, बाईंच्या शाळेच्या परीक्षा, आईची डॉक्टरची तारीख, सगळं त्याच पानांवर लिहिलं. तेव्हा त्यांना दिसलं की उन्हाळी शिबिर बायकोची आणि मुलीची अख्खी सुट्टी खातं. घराला वर्षात तेवढीच मोठी सुट्टी असते. त्यांच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. शिबिर मे महिन्यापूर्वी संपवायचं ठरलं.

दुसऱ्या गोष्टीला फार वेळ लागला. मदतीला कुणी आहे का, असं विचारलं तर म्हणाले, "माझ्यासारखं लक्ष कोण देणार?" मी म्हणाले, "सर, खो-खोत पळणारे पहिले तिघे संरक्षक बाद झाले की पुढचे तिघे आत यायला तयारच असतात ना? मग प्रशिक्षकाची पुढची तुकडी का तयार नाही?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचीच एक जुनी खेळाडू गावात शिकवण्या घेत होती. "तिला अजून जमणार नाही" हे त्यांनी अनेकदा म्हणून पाहिलं, पण मी मागे हटले नाही. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत जबाबदार स्त्री हवीच. आजवर ती सोय त्यांनी बायकोची रजा खर्चून केली होती, आणि तेही गृहीत धरून.

मंगळवार आणि शुक्रवारचा सराव त्या जुन्या खेळाडूकडे गेला. त्या दोन संध्याकाळी स्वयंपाक, औषधं, सगळं यांच्याकडे, आणि बाई दार लावून अभ्यासाला. पालकांशी बोलणं मैदानावरच, सराव संपल्यावर. घरी आल्यावर फोन नाही. बँकेला सुट्टी असलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारांपैकी एक सामन्यांसाठी, एक घरचा.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. ते घरी असायचे, पण नुसते येरझाऱ्या घालत. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे बसून काय करणार?" तिने एक मोसम खेळून खो-खो सोडला होता, कारण जेवतानाही तिचे बाबा खांबावर सूर मारताना झालेल्या तिच्या चुका काढायचे. तिला चित्रकलेची ओढ आहे आणि ती एलिमेंटरी परीक्षेला बसणार होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की तिला क्लासला सोडा, आणा, चित्राबद्दल तिने विचारल्याशिवाय मत देऊ नका. दुरुस्त करण्याची सवय लागलेल्या माणसाला हे किती अवघड जातं, ते मी पाहिलं आहे.

त्या वर्षी संघ जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत हरला. "सरांचं आता लक्ष नाही," असं एक पालक बोलून गेले. सरांना ते फार लागलं. पण पुढच्या चाचणीच्या आठवड्यात बाई आपणहून म्हणाल्या, "या शुक्रवारी तुम्ही जा, मी बुधवारी अभ्यासाला बसते." अशी अदलाबदल सुरू झाली की मला धीर येतो. बढतीची संधी पुन्हा येईल तेव्हा काय करायचं, यावर दोघांचं अजून एकमत नाही. आता निदान दोघंही त्यावर बोलतात.

तुमच्याकडे मदतीला कुणीच नसेल, तर सगळे गट धरून ठेवू नका. एकच वयोगट ठेवा आणि तो नीट करा. काही वेळा मात्र मी थांबायलाच सांगते. झोप सलग महिनोन्महिने पाच तासांवर आली असेल, बँकेत ग्राहकावर आणि मैदानावर मुलांवर सारखाच आवाज चढत असेल, किंवा संघाच्या प्रवासासाठी घरी न सांगता कर्ज काढलं असेल, तर एक मोसम विश्रांती घ्या. पण ते क्रीडा मंडळाला मोसम संपता संपता कळवा, स्पर्धेच्या तोंडावर नको. नवा प्रशिक्षक आणि मुली एकमेकांना ओळखू लागायला निदान एक शिबिर तरी जावं लागतं.