मॉरिशसची दक्षिण टूर पहिल्यांदा करताय?

बुकिंग करण्याआधी एवढं विचाराच: सप्तरंगी मातीसाठी प्रसिद्ध असलेल्या शामारेलला किती वाजता पोहोचणार आणि दुकानांत किती वेळ जाणार? जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना बऱ्याच टूरमध्ये असतो. बघण्यासारखा आहे, पण माझ्या पहिल्या फेरीत तिथेच तास गेला आणि सप्तरंगी माती ढगाळ उजेडात पाहावी लागली. सगळं नुसतं विटकरी! पुढच्या वेळी ऊन होतं, तेव्हा तेच तांबडे-जांभळे पट्टे असे उठून दिसले की कुंपणापासून हलवेना.

किनाऱ्यावर लख्ख ऊन असलं तरी विंडचीटर बॅगेत वरच ठेवा. क्युरपीपचं पठार सुमारे ५५० मीटर उंच आहे. तिथल्या ज्वालामुखीच्या विवरापाशी गार वारा आणि भुरभुर पाऊस ठरलेलाच. गंगा तलाव या हिंदूंच्या तीर्थस्थानी जाताना अंगभर कपडे आणि पटकन काढता येतील अशा चपला बऱ्या.

गाडी लागत असेल तर पुढची सीट सकाळीच मागून घ्या, शामारेलचा रस्ता फार वळणांचा आहे. तिथून ल मॉर्नचा डोंगर दिसतो. पळून आलेल्या गुलामांनी तिथे आसरा घेतला होता. २००८ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. गाडी दोन मिनिटं थांबवायला सांगा आणि गाइडकडून ती हकिगत नीट ऐका.