अंगणवाडीत घातलं तर मूल मागे पडेल का?

"मॅडम, मुलगी साडेतीन वर्षांची झाली. अंगणवाडीत ठेवली तर ती मागे पडेल आणि नर्सरीत घातली तर घर मागे पडेल. काय करू सांगा."

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या आईचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि तशाच काळजीने आलेल्या आणखी काही पालकांचं बोलणंही यात मिसळलं आहे. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी नर्सरीची वर्षाची फी १८,००० रुपये, व्हॅनचे महिन्याला ९०० प्रमाणे दहा महिन्यांचे ९,०००. एकूण २७,००० रुपये. नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामाला. पैसे सोसायटीतून उचलायचे, एवढं घरात ठरत आलं होतं.

तिच्या बोलण्यात तीन भीती होत्या. नर्सरी झाली नाही तर पहिलीत घेणार नाहीत, ही पहिली. ती निराधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेताच येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा "आधी कुठे शिकली?" म्हणून मूल परत पाठवू शकत नाही. दुसरी भीती इंग्रजीची. साडेतीन वर्षांच्या मुलीला घरच्या भाषेत प्रश्न विचारता येतात का, ऐकलेली गोष्ट तिच्या शब्दांत सांगता येते का, हे या वयात महत्त्वाचं. ते पक्कं झालं की पुढची भाषा त्यावर चढते. चार रेघी वहीत 'ए' गिरवून घेतल्याने ते होत नाही. बोटांचे स्नायू तेवढे तयार नसताना पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळून धरतं, हात दुखतो, आणि शाळा म्हणजे दुखणारी जागा अशी गाठ मनात बसते.

तिसरी भीती मात्र खरी होती. "आमच्या अंगणवाडीत मुलं नुसती बसलेली असतात." याला "असू दे, लहान आहे" म्हणून उडवून लावणं चूक. तीन ते सहा या वयातला वेळ परत मिळत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलं आहे की मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते.

म्हणून तिला एक काम दिलं. कागद-पेन घेऊन दोन तास अंगणवाडीत कोपऱ्यात बसायचं आणि तक्रार न करता फक्त लिहायचं: ताई मुलांशी किती मिनिटं बोलल्या, किती मुलं स्वतःहून बोलली, मुलांच्या हातात काय वस्तू होत्या, पाणी कुठून प्यायली, शी-शूला कुठे गेली, आणि ताईंनी बाकी काय केलं. जिला नर्सरी बघायची आहे तिने तिथेही हाच कागद घेऊन बसावं. बसू देत नसतील तर तेही लिहावं.

कागदावर आलं ते असं. गाणी आणि गोष्ट मिळून २५ मिनिटं. बाकी वेळात ताईंनी चार बाळांची वजनं घेतली, एका गरोदर बाईला घरी न्यायच्या आहाराची पाकिटं दिली, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपमध्ये हजेरी भरली (रेंज नव्हती म्हणून दोनदा), आणि मदतनिसाची जागा रिकामी असल्याने खिचडी वाढून भांडीही स्वतःच विसळली. तीन ते सहा वयाची मुलं २८. ठोकळे एका डब्यात, निम्मे हरवलेले. शौचालय होतं, पण पाणी नसल्याने त्यात झाडू आणि चुलीचं सरपण. पावसात गळतं म्हणून एक कोपरा मोकळा.

हा कागद वाचताना आईचा सूर बदलला. ताई आळशी नव्हत्या. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण-आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं) अशा सहा सेवा १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून चालतात, आणि या अंगणवाडीत त्या एकाच बाईच्या अंगावर होत्या. नर्सरीच्या २७,००० रुपयांतून आई मुलीसाठी जे विकत घेऊ बघत होती, ते म्हणजे एका मोठ्या माणसाचा मोकळा वेळ, खेळायच्या वस्तू आणि कोरडी जागा. गावातून व्हॅनने जाणारी मुलं तिने मोजली: १९. म्हणजे वर्षाला ५ लाख १३ हजार रुपये गावाच्या खिशातून बाहेर जात होते. आणि अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेला दर दिवसाला ८ रुपये, वर्षाचे ३०० दिवस धरले तर मुलामागे २,४०० रुपये. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हा दर वाढवण्याचं जाहीर झालं, पण अंतर केवढं आहे ते मुलामागे २७,००० आणि २,४०० या दोन आकड्यांवरून कळावं.

इथे एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगते. आहार हा २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा हक्क आहे. तो बंद पडला तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. शिकण्याचं तसं नाही. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाला. सहाच्या आतल्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण कलम ४५ मध्ये गेलं, जिथे राज्याने प्रयत्न करावा एवढंच म्हटलं आहे. त्यामुळे लहान मुलांच्या शिकण्यासाठी पैसा मिळणार की नाही, हे ग्रामपंचायतीच्या आराखड्यापासून विधानसभेच्या अर्थसंकल्पापर्यंत दरवर्षी नव्याने ठरतं. मागणारा कुणी नसेल तर तो दुसरीकडे जातो. चारी बाजूंनी मागणारे असतात आणि तीन वर्षांच्या मुलाला मत नसतं.

मग कशाचा पैसा कुठून येतो ते तिच्यासोबत बसून लावलं, कारण नुसतं "अंगणवाडी सुधारा" म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नळजोडणी आणि शौचालय दुरुस्ती पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून दिलेल्या, म्हणजे बंधित निधीत बसते. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतींना मिळालेल्या अनुदानात हा वाटा ६० टक्के होता. छत, फरशी, कपाट यांसाठी अबंधित, म्हणजे ठरावीक कामासाठी राखून न दिलेला निधी. ठोकळे, चित्रांची पुस्तकं, सतरंज्या यांसाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले महिला-बालकल्याणाचे १० टक्के. तिच्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न ६ लाख ४० हजार होतं, म्हणजे ६४,००० रुपये. हे पैसे बऱ्याच गावांत महिला दिनाचा कार्यक्रम आणि भांडीवाटपात संपतात. नियमभंग नसला तरी मुलांच्या वाट्याला काही येत नाही. नवी इमारतच हवी असेल तर केंद्राच्या सक्षम अंगणवाडी योजनेच्या २०२२च्या सूचनांमध्ये १२ लाखांचा हिशेब होता: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगातून, २ लाख महिला व बालविकास मंत्रालयाकडून. शिवाय जिल्हा वार्षिक योजनेत ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखलेला असतो, त्याची मागणी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांमार्फत जाते. मदतनिसाची भरती मात्र ग्रामपंचायतीच्या हातात नाही. वित्त आयोगाच्या पैशातून पगारही देता येत नाही. ती मागणी वेगळ्या कागदावर, प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे.

नवऱ्याचं म्हणणं होतं, "गावकीत पडायचं नाही." सुनेने ग्रामसभेत उभं राहून बोलणं घरात कुणालाच रुचत नव्हतं आणि तिलाही धीर नव्हता. वाट सासूबाईंकडून निघाली. त्या बचतगटात होत्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. दोन तासांच्या नोंदींचा कागद गटाच्या बैठकीत वाचला गेला आणि महिला सभेत विषय गटाच्या नावाने गेला. एकट्या आईने मागितलं की "हिच्याच पोरीसाठी" म्हणतात, गटाने मागितलं की गावाचा विषय होतो. अंगणवाडीताईंना आधी भेटून कागद दाखवला, हे सर्वांत महत्त्वाचं. हे राहिलं तर मागणी त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीसारखी दिसते, पर्यवेक्षिका त्यांनाच खुलासा विचारते, आणि सगळी माहिती जिच्याकडे आहे ती बाई गप्प होते.

ठराव कसा लिहावा, यावर पुष्कळ अवलंबून असतं. "अंगणवाडीस सुविधा देण्यात याव्यात" असा ठराव एकमताने मंजूर होतो आणि तिथेच संपतो. या आईने लिहून नेलेला मजकूर असा होता: अंगणवाडीच्या शौचालयास नळजोडणी व मुलांच्या उंचीचं भांडं, बंधित निधीतून, छताची गळती दुरुस्ती, अबंधित निधीतून, लाकडी ठोकळ्यांचे ४ संच, चित्रांची ४० पुस्तकं, ६ सतरंज्या आणि कुलपाचं एक कपाट, महिला-बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून, चालू वर्षात, ३१ डिसेंबरपूर्वी. गळतीच्या कामाचं अंदाजपत्रक पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून आधीच मागून घेतलं होतं. ते नसलं तर आराखड्यात कामापुढे रक्कम पडत नाही, आणि रक्कम नसलेलं काम पुढच्या वर्षात ढकललं जातं. कुठल्या निधीतून ते न लिहिल्यानेही अडतं: बंधित निधीतून कपाट मागितलं की ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) नकार देतात, आणि तो नकार बरोबर असतो.

वेळही पाहावी लागते. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची कामं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास सुरू होतात. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढल्यावर मागायला गेलं तर "पुरवणीत बघू" हे उत्तर ठरलेलं. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. बचतगटांच्या बाया वेळेवर आल्या तर सभा तहकूब होत नाही. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह मागून घ्यावी. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या अर्जात "मागील तीन वर्षांत महिला-बालकल्याणाच्या १० टक्के निधीचा वर्षवार खर्च" हेही मागावं. बऱ्याचदा हे कागद दिसले की पुढची चर्चा सोपी होते.

त्या वर्षी नळ आला, ठोकळे-पुस्तकं आली, कपाट आलं. छताचं काम तांत्रिक मंजुरीत अडकलं आणि पुढच्या पावसानंतर झालं. मदतनिसाची जागा भरायला त्याहून जास्त वेळ लागला.

मुलीचं काय, हा तिचा मूळ प्रश्न. मूल मंजुरीची वाट बघत वाढत नाही. नर्सरीला न घालता तिला अंगणवाडीतच ठेवायचं आणि घरी रोज २० मिनिटं द्यायची, असं ठरलं. त्यात एक गोष्ट सांगायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून ऐकायची. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मोजायला, जोड्या लावायला द्यायचं. अंगणात खडूने मोठे आकार काढू द्यायचे. वही पाचव्या वर्षापर्यंत नाही. आठवड्यातून एकदा गटातल्या दोन बायांनी आळीपाळीने अंगणवाडीत गोष्ट सांगायला जायचं, म्हणजे ताईंना नोंदी करायला तेवढा वेळ मिळतो. हा तात्पुरता आधार आहे, त्याला कायमची व्यवस्था समजू नये. फुकटच्या श्रमावर चालतंय असं दिसलं की जागा भरायची निकड कमी होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षण वस्तीच्या अंगणात नेलं, तेव्हा बिया, शिंपले, माती अशी बिनपैशाची साधनं वापरली. साधनं स्वस्त चालतात. मुलांपाशी पूर्ण वेळ बसणारं शिकवलेलं माणूस मात्र फुकट चालत नाही.

याला भक्कम पुरावा तामिळनाडूतून आलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांना फक्त शिकवण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, भाषा आणि गणितात मुलं ठळकपणे पुढे गेली, आणि जुन्या ताईंना आहार-आरोग्याला वेळ मिळाल्याने खुंटलेल्या वाढीचं प्रमाणही घटलं. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. त्या आईच्या गावासारखी नेमकी मागणी राज्याकडे करायची तर ती हीच: प्रत्येक अंगणवाडीत शिकवण्यासाठी दुसरी व्यक्ती, आणि तिच्या मानधनासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद. अंगणवाडी योजनेचा सर्वसाधारण खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० ने वाटून घेतात, आहाराचा ५०:५० ने, म्हणून पत्र आमदारांना आणि खासदारांना, दोघांनाही जावं. पत्र एका पानाचं असावं. वर अंगणवाडीतल्या मुलांची संख्या, दोन तासांच्या नोंदींतली शिकवण्याची मिनिटं, रिकाम्या जागा आणि गावाबाहेरच्या नर्सरीवर जाणारी रक्कम. खाली ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडलेली. आमदारांना द्यायचं पत्र नोव्हेंबरातच पोचवावं. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण खात्यांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी ठरू लागतात.