ब्रँडचं नाव ठरवताना भाषाशास्त्राचा खरंच उपयोग होतो का?

होतो. मी दोन हजार पिशव्या रद्दीत घालून शिकलोय.

वहिनीच्या कुरडया-सांडग्यांसाठी मी 'वाळवण' नाव सुचवलं. दादाला हवं होतं 'क्रिस्पीना'. मी म्हटलं, हे पापडाचं नाव आहे की टूथपेस्टचं? तो म्हणाला, तुझा ळ महाराष्ट्राबाहेर कुणाच्या जिभेवर बसणार नाही. दोन दिवस अबोला. शेवटी वहिनीने माझी बाजू घेतली आणि पिशव्या छापल्या, नाव रोमनमध्ये मोठ्या अक्षरांत.

भोपाळच्या दुकानदाराचा फोन आला, "ये वैलवैन कोई ट्रान्सपोर्ट कंपनी है क्या?" रोमनमध्ये ळचा ल झाला आणि वणची व्हॅन. आपण ज्याला भोपाळ म्हणतो त्याला तिथले लोक भोपाल म्हणतात, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. दादा आठवडाभर 'व्हॅन आली का?' विचारायचा.

पण खरा दणका वकिलाने दिला. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 9 आहे. मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा नोंदवून मिळत नाही. वाळवण म्हणजेच पापड-कुरडया. साबणाला 'साबण' नाव दिल्यासारखं. म्हणजे मोठी चूक अर्थाची होती, ळची नव्हे. दादाला हे अजून पटत नाही.

अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमनने 1888 साली आपल्या कॅमेऱ्यासाठी 'कोडॅक' हे नाव काढलं. त्याला काही अर्थच नाही. क हे अक्षर त्याला आवडायचं, एवढंच. क, ड, क, तिन्ही व्यंजनं जीभ टाळूला ठोकून येतात, कान ते विसरत नाही. आपल्याकडे 'डालडा'ही कानाला तसंच. पण नाव फारच जमलं तर तेही महागात पडतं. वनस्पती तूप कुणाचंही असो, लोक डालडाच म्हणायला लागले.

तेव्हा नाव ठरवताना ते रोमनमध्ये लिहून परक्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या. ड-द, ट-त, ण-न यांत रोमन फरक करत नाही. चाकाचा च आणि चिमट्याचा च यांचा उच्चार वेगळा, पण ते तर देवनागरीतही सारखेच लिहितात. अर्थात माल फक्त सांगली-कोल्हापुरात विकायचा असेल तर हे उच्चाराचं काही मनावर घेऊ नका, खुशाल ळ घाला.

आमचं आताचं नाव देत नाही, जाहिरात वाटेल. त्यात ळ नाही, ण नाही, अर्थही नाही. खप बरा आहे, पण तो नावामुळे की वहिनीच्या हातामुळे, कोण सांगणार? दादा मात्र जेवताना अजून म्हणतो, "जरा ती क्रिस्पीना वाढ गं."