ओळीमागचा कागद उघड

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. निविदा काढावी लागू नये म्हणून मोठी खरेदी रकमेच्या मर्यादेखालच्या लहान खरेदी आदेशांत तोडतात; वर्षभराच्या खरेदीतले असे तुकडे तू शोधलेस, आलेख काढलेस, अहवाल दिलास. बैठकीत कुणीतरी तिसऱ्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा आदेश दोनदा का मोजलाय?" तो वेगळा आदेश नव्हताच, आधीच्याच आदेशाची दुरुस्ती होती. अहवाल तिथेच बाजूला पडला. आणि आता तू मला विचारतेस की पायथॉन शिकू की पॉवर बीआय.

काहीही शिक. एसक्यूएल, म्हणजे तक्ते जोडून माहिती काढायची भाषा, तर यायलाच हवी, कारण खरेदी आदेश, पुरवठा आणि देयकं तीन वेगळ्या तक्त्यांत पडलेली असतात आणि ती जोडल्याशिवाय काहीच दिसत नाही. पण तुझा अहवाल सॉफ्टवेअरमुळे पडलेला नाही. तू ओळीमागचा कागद उघडला नाहीस.

तुकडे शोधायचं गणित सोपं आहे. विभाग, वस्तूचा वर्ग आणि पुरवठादार एक धर, 30 दिवसांची सरकती खिडकी लाव, त्या खिडकीतली बेरीज मर्यादेपलीकडे जाते का पाहा. मर्यादेच्या लगेच खाली आदेशांची गर्दी दिसली तर शंका घे. एवढं मशीनही करतं. पण त्या गर्दीत दुरुस्ती केलेले आदेश असतात, एकाच आदेशाचे टप्प्याटप्प्याने आलेले पुरवठे असतात, दर महिन्याला घ्याव्याच लागणाऱ्या नाशवंत वस्तू असतात. यातलं खरं काय, हे खरेदी आदेशात कधीच लिहिलेलं नसतं. ते मागणीपत्रात असतं. एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याच्या सहीने, सलग क्रमांकांची चार मागणीपत्रं निघाली असतील तर गरज एकत्रच माहीत होती आणि तुकडे नंतर पाडले. मागण्या वेगळ्या विभागांतून वेगळ्या वेळी आल्या असतील, तर फार तर नियोजन ढिलं आहे. त्याला तुकडे पाडणं म्हणू नकोस. तुझ्या तक्त्यात मागणीपत्राच्या तारखेचा स्तंभच नाही. मग तू निष्कर्ष कशावर काढलास?

तेच पुरवठादारांच्या नावांचं. "प्रा. लि.", "प्रायव्हेट लिमिटेड" आणि मधली एक जादा मोकळी जागा, एवढ्यावर एकच कंपनी तीन होते. नावं जुळवणारी सूत्रं फक्त उमेदवार सुचवतात. जोडायचं ते कर नोंदणी क्रमांकावर. आणि एकक! "नग", "पेटी", "संच" यांच्यात जितकी चूक लपते तितकी कुठेच लपत नाही. एका आदेशातली पेटी 10 ची, दुसऱ्यातली 12 ची, आणि तिसऱ्या कारकुनाने पेटीचा दर नगाच्या रकान्यात टाकलेला. सरासरी काढलीस की हे सगळं एका गुळगुळीत आकड्यात विरघळतं. म्हणून दर पाहताना मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा दर, घे, टोकाच्या ओळी वेगळ्या काढ, आणि त्या प्रत्येकीचा कागद उघड. दर करासह आहे का, वाहतूक धरली आहे का, बसवून देणं आणि हमीचा काळ त्यात येतो का, हे आदेशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच्या अटींत असतं. दोन कार्यालयांच्या दरांतली "तफावत" बहुतेकदा इथेच संपते.

वर्गीकरणाबद्दल फार सांगत नाही. यूएनएसपीएससी या वस्तू-सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आठ आकडी संकेत असो की तुमच्या कार्यालयाची जुनी यादी, "इतर" या वर्गात किती रक्कम गेली ते आधी पाहा. ती मोठी असेल तर बाकीच्या वर्गांच्या टक्केवारीला अर्थ नाही.

आता ज्या कामाबद्दल तू ओझरतं लिहिलंस, निविदांच्या मूल्यमापनाबद्दल. तुझं खरं काम तिथे आहे, आणि तिथे तुझं लक्ष नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

बाबनिहाय दराच्या कामात, म्हणजे प्रत्येक बाबीला वेगळा दर लावून प्रत्यक्ष मापाप्रमाणे पैसे देतात तिथे, एकूण बेरीज सर्वांत कमी म्हणजे काम स्वस्त, असं तू धरलं आहेस. हे पाहा. खोदकामात माती 900 घनमीटर आणि खडक 100 घनमीटर असा अंदाज आहे. पहिला निविदाकार मातीला 10 आणि खडकाला 40 लावतो: 13,000. दुसरा मातीला 7 आणि खडकाला 60: 12,300. दुसरा जिंकतो. प्रत्यक्षात माती 600 आणि खडक 400 निघाला तर पहिल्याचे 22,000 झाले असते, दुसऱ्याचे 28,200 होतात. एकूण खोदकाम 1,000 घनमीटरच धरलं तर खडक 130 च्या वर गेला की दोघांचा क्रम उलटतो. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. पण तो केल्यावर जो प्रश्न पडायला हवा तो असा: खडक 100 घनमीटर, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? किती चाचणी खड्डे घेतले, कुठे घेतले? त्याचा अहवाल नस्तीला, म्हणजे कामाच्या फायलीला, जोडलेला आहे का? कागद उघड. दुसऱ्या निविदाकाराने बहुधा जागा नीट पाहिली होती आणि तुमच्या अंदाजापेक्षा त्याला जास्त माहीत होतं. असमतोल दर हा दर वेळी लबाडीच असतो असं नाही, पण अंदाजपत्रक कुठे कच्चं आहे ते तो नेमकं दाखवतो.

गुणवत्ता आणि किंमत यांचं वजन धरून केलेल्या मूल्यमापनात याहून बारीक सापळा आहे. गुणवत्तेला 70, किंमतीला 30, आणि किंमतीचे गुण "सर्वांत कमी किंमत भागिले तुमची किंमत" या रीतीने. अ ची गुणवत्ता 90 आणि किंमत 120. ब ची गुणवत्ता 84 आणि किंमत 100. दोघेच असतील तर अ ला 88 आणि ब ला 88.8 गुण, ब जिंकतो. आता क येतो, गुणवत्ता 60, किंमत 60. क ला 72 मिळतात, तो हरतो. पण किंमतीचा पाया 60 वर घसरल्यामुळे अ 78 वर येतो आणि ब 76.8 वर. जिंकतो अ. हरणाऱ्याने विजेता बदलला. क ला कुणी आणून बसवलं होतं का, हा पुढचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा की हे सूत्र निविदा कागदपत्रांत गेलंच कसं. आधाराची किंमत आधी जाहीर करून कायम ठेवली तर हे होत नाही. पण ते निविदा निघण्याआधी सांगावं लागतं. लिफाफे उघडल्यावर सूत्र बदलायला सुचवशील तर तुलाच प्रश्न विचारतील, आणि बरोबरच विचारतील.

एकच निविदा आली की लोक लगेच संगनमत म्हणतात. आधी कागद. किती जणांनी निविदा संच घेतला, निविदापूर्व बैठकीला कोण होतं, त्यांनी कोणत्या अटीवर हरकत घेतली, आणि शुद्धिपत्रकात ती अट बदलली की नाही? मुदत किती होती आणि तिच्यात सुट्ट्या किती होत्या? उलाढालीची अट कामाच्या किंमतीच्या किती पट ठेवली? स्पर्धा बहुतेकदा अशाच एखाद्या अटीत अडकून मेलेली असते.

संगनमताच्या खुणा वेगळ्या. हरलेल्यांचे दर विजेत्यापेक्षा प्रत्येक बाबीत ठरावीक टक्क्यांनी जास्त, दोन निविदांत तीच शुद्धलेखनाची चूक, फाइलच्या गुणधर्मांत एकाच लेखकाचं नाव, हरलेलाच नंतर उपकंत्राटदार. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं यावर नीट वाच. अशी खूण दिसली तर निविदाकाराला खुलासा मागू नकोस, कार्यालयात चर्चा करू नकोस. मूळ पाकिटं आणि फाइली जशाच्या तशा ठेव, आणि प्रकरण वरिष्ठांमार्फत स्पर्धा नियामकाकडे गुपचूप जाऊ दे. खुलासा मागितलास की पुरावा नाहीसा होतो.

मला माहीत आहे, या सगळ्याला वेळ लागतो. माझ्यासारख्यांना फायलीतला किडा म्हणतात, कामाला खीळ घालणारे म्हणतात. म्हणोत. निविदा रद्द करून पुन्हा काढायला जितका वेळ जातो, त्याच्या तुलनेत वीस नस्त्या वाचायला लागणारा वेळ काहीच नाही. आणि ज्याला घाई आहे त्याला तुझ्याकडून आकडा हवा असतो. चुकला तर चूक मात्र तुझ्याच नावावर राहते. या हट्टाबद्दल मला जराही खंत नाही. खंत आहे ती याची की पुष्कळ हुशार माणसं पडद्यावरच्या तक्त्यापाशी थांबतात आणि मग त्यांना वाटतं की कार्यालय त्यांचं ऐकत नाही.

तर आता असं कर. संशयित ओळींतून यादृच्छिक पद्धतीने 20 काढ. ज्यांवर संशय नाही अशांतून 10 काढ. हे 10 सगळे विसरतात, आणि तुझी चाळणी काय काय सोडून देते ते त्यांतूनच कळतं. प्रत्येकीसाठी मागणीपत्र, मंजुरी, आदेश, त्याच्या सगळ्या दुरुस्त्या, पुरवठ्याची पावती आणि देयक बघ. तक्त्यात तीन रकाने ठेव: ओळ काय म्हणते, कागद काय म्हणतो, आणि तू कोणतं धरलंस व का. 20 पैकी 7 दुरुस्त्या निघाल्या तर आधी चाळणी बदल, मग पुन्हा वेगळे 20 घे. अहवालात "तपासलेलं" आणि "न तपासलेलं" वेगळं लिही; दोघांची बेरीज करू नकोस.

नस्त्या सहज मिळणार नाहीत. मोजमापाच्या नोंदी अभियंत्याकडे असतील, देयकं लेखा शाखेत, आणि दुरुस्तीच्या मंजुऱ्या तिसऱ्याच टेबलावर. तोंडी मागू नकोस. आदेश क्रमांकांची यादी जोडून लेखी माग, तारीख घाल, पोच घे. जी नस्ती आली नाही तिच्यासमोर "उपलब्ध करून दिली नाही" असं लिहून ती ओळ अहवालात तशीच ठेव.