फ्रीझरमधली वोडका गोठली कशी?

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका ताईंचं पत्र आलंय. "मुलगा 16 चा आहे, शनिवारी मित्राकडून आला तर तोंडाला दारूचा वास, बॅगेत व्हेप, म्हणजे ती ई-सिगारेट. मिस्टर म्हणतात ही इकडच्या मित्रांची संगत, वर्षभर माझ्या आईकडे गिरगावात ठेवू, सुधारेल. आमच्या घरात असलं काही नाही, पाहुणे आले की तेवढंच."

ताई, झोप उडाली असेल तुमची, कळतंय मला. आता पार्ल्यात असले तरी मीही 17 वर्षं जर्सीत काढलीत, गराजचं दार वाजेपर्यंत जागी राहिलेय. पण "तेवढंच" म्हणजे केवढं हो? दर वेळी तेच लिहिते म्हणून लोक वैतागतात, वैतागू देत. पोराच्या मित्रांची चौकशी नंतर, आधी घरातल्या बाटल्या मोजा.

गटारीला बेसमेंटमधे काय चालतं ते मला नका सांगू, कोळंबी मीच तळून द्यायचे! पोरं वरती पिझ्झा खात पिक्चर बघतायत असं आपण धरून चालतो, आणि रात्री दोनला अर्धे भरलेले ग्लास तसेच टाकून झोपतो. आमचा लेक सकाळी आपणहून सगळे ग्लास उचलायचा, मी फोनवर सासूबाईंना कौतुकानं सांगायचे.

मग एका डिसेंबरात ह्यांचे मित्र आले, ह्यांनी फ्रीझरमधनं वोडका काढली तर आत बर्फाचा गोळा. 40 टक्क्यांची वोडका घरच्या फ्रीझरमधे गोठत नाही, गोठतं ते पाणी. ह्यांनी आधी दुकानदाराला शिव्या घातल्या, आणि चिरंजीव जिन्यात उभे, कान लालबुंद. 15 वर्षांचा होता तेव्हा. त्याला बिघडवायला बाहेरून कोणी आलं नव्हतं.

मेंदूचा जो भाग "थांब आता" म्हणतो तो पंचविशीपर्यंत तयार होत असतो, म्हणून जितकं लवकर सुरू तितका सवय जडायचा धोका जास्त. तेव्हा कपाटाला कुलूप लावा, अक्कलदाढ काढल्यावर उरलेल्या पेनकिलर गोळ्या फार्मसीत परत द्या, त्यांचीही चटक लागते. आणि बोलायचं ते मिस्टरांनी, स्वतःच्या ग्लासापासून सुरुवात करून, रात्री आरडाओरडा करून नाही, सकाळी पोहे खाताना. त्याला एवढं नक्की सांगा की कुठूनही कितीही वाजता फोन कर, न्यायला येतो, गाडीत एक शब्द बोलणार नाही. आणि मित्र उठत नसेल, श्वास अडकत असेल तर त्याला कुशीवर वळवायचं आणि 911 लावायचा, कॉफी पाजणं, थंड शॉवर असले उद्योग नकोत. फोन करणाऱ्या अल्पवयीन पोरांना जर्सीत कायद्याचं संरक्षण आहे, हे त्याला माहीत असू दे.

व्हेपमधे निकोटिन आहे का गांजा ते त्याच्या डॉक्टरांना एकट्यात विचारू द्या, तुम्ही बाहेर बसा.

राहिलं गिरगाव. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि व्हिस्कीला 25 वर्षं लागतात, कागदावर. माझ्या भाच्यानं पहिली बिअर कॉलेजात असताना इथल्याच बिल्डिंगच्या गच्चीवर घेतली, आणि खाली आम्ही सगळे सत्यनारायणाला बसलेलो. तुमच्या आईनं या वयात रात्री अकराला खिडकीत उभं राहून वाट बघायची का? सुट्टीत चार आठवडे पाठवा खुशाल, शिक्षा म्हणून नको, आणि व्हेप बॅगेत नाही ना ते बघा, इथे 2019 पासून बंदी आहे. फक्त जुलै-ऑगस्टात येणार असेल तर आधी कॅलेंडर बघा, गटारी इथेही असते.